लाल दिवा

बेलमार्क, आयोवा
४ मे १९९४

चि. क्लेम यास,

अ. आ. साठीच्या माणसाला ‘चिरंजीव’ लिहिताना हात अडखळतो, पण सात वर्षांनी मोठा असण्याचा एवढाच फायदा उरलाय, तो सोडवत नाही. येथील क्षेम गुडघ्यांपर्यंत आहे. गुडघ्यांचं विचारू नये.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचं नाही, म्हणून हे कागदावर. आपल्या बगळ्यांना यंदा शंभर वर्षं झाली. बेसबॉल क्लबचं खरं नाव बेलमार्क हेरन्स असलं तरी आई त्यांना शेवटपर्यंत बगळेच म्हणायची, आणि आताचे मालक बघता तिचं बरोबर होतं. शिकागोचा कुणी कुत्र्यांच्या खाण्याचा कारखानदार आहे. त्याने शंभरीनिमित्त एक गुळगुळीत पुस्तिका काढली आहे, ‘शंभर वर्षं, पंचवीस संस्मरणीय क्षण’. काल वाचली आणि जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं.

१९१२ च्या पुरानंतर सेकंड बेसवर जिवंत मासा सापडला होता, तो यात नाही. कॅचरचं बोट मोडलं तेव्हा फादर हेन्केल प्रेक्षकांतून उतरले आणि काळ्या झग्यावर पॅड बांधून तीन डाव बसले, ते नाही. वादळात स्टँडचं छप्पर उडालं आणि तिन्ही बेसवर आपले गडी उभे म्हणून एक माणूस जागचा हलला नाही, तेही नाही. क्षण क्रमांक चार काय, तर सध्याच्या मालकाने क्लब विकत घेतला तो दिवस. क्षण क्रमांक अकरा, चीज घातलेल्या मक्याच्या चकत्यांचं दुकान उघडलं तो. शिवाय थर्ड बेसची ‘ऐतिहासिक माती’ बाटलीत भरून विकताहेत. ती माती दर तीन वर्षांनी बदलतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

क्रमांक एक, पिचर रूडी हास्कचा नो-हिटर. १९ ऑगस्ट १९५६. तो असणारच. पण त्याच्याखाली, त्याच पानावर, तुझा फोटो आहे. चेंडू तुझ्या मागे चाललाय आणि तू तोंड उघडून बघतोयस. खाली लिहिलंय, ‘इतिहास जवळजवळ हातून निसटला तो क्षण’. वीस ऑगस्टला सोहळा आहे. पहिल्या दोन हजार लोकांना स्पंजचा मोठा पंजा फुकट मिळणार, मधोमध भोक पाडलेला. त्याला नाव दिलंय ‘क्लेमचा पंजा’. तुला थर्ड बेसवर उभं करून चेंडू घरंगळत सोडणार, तू तो सोडायचास, लोकांनी हसायचं. मग मी वरच्या खोलीतून धावफलकावरचा ‘एरर’चा लाल दिवा लावायचा, कारण त्या दिवशी स्कोअरर मी होतो. कार्यक्रम सांगायला आलेली मुलगी हे सगळं हसतहसत सांगत होती, जणू वाढदिवसाचा केक कापायचाय. मी तिला दारापर्यंत पोचवलं आणि पाणी पिऊन पडून राहिलो.

तुला पत्र येईल. तू येऊ नकोस. मी अजून हो म्हटलेलं नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, त्यात भर घालायला जागा नाही.

तुझा,
आम्ब्रोज

* * *

हॅलम फॉल्स, साउथ डकोटा
१५ मे १९९४

ती. दादास,

सा. न. वि. वि. क्लबचं पत्र आलं, तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी. मी त्यांना येतो म्हणून कळवून टाकलं.

आता तू चिडशील, तर पुढचं बसून वाच. मार्लिस गेल्यापासून मी या काउंटीबाहेर पाऊल टाकलेलं नाही. शाळेची बस चालवायची, घरी यायचं, डब्यातलं सूप तापवायचं. थर्ड बेसवर शेवटचा उभा राहिलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मला एकदा तिथे उभं राहायचंय. हसतील तर हसू देत. तसेही लोक कुठेतरी हसतच असतील, समोर हसले तर निदान तोंडं दिसतील.

आणि खोटं काय आहे त्यात. सुटला माझ्या हातून. एक पाऊल उशिरा निघालो. अडतीस वर्षं बसमधल्या पोरांना सांगतोय की उशीर करू नका, मी एकदाच केला होता. त्यांना वाटतं मी बसबद्दल बोलतोय.

रूडी मात्र विसरला नाही. दर नाताळात त्याच्याकडून डुकराच्या मांडीचा मोठा थोरला हॅम येतो, धूर दिलेला, कापडात गुंडाळलेला. चिठ्ठी नाही, काही नाही. मला ती त्याने केलेली कीव वाटते, म्हणून मी कधी तोंडाला लावला नाही. तो सगळा कुत्र्याला जातो. मार्लिस म्हणायची की या घरातलं कुत्रं बिशपपेक्षा चांगलं जेवतं.

तू तुझा लाल दिवा लाव आणि मोकळा हो. पहिल्यांदा लावलास तेव्हा कुठे मी काही बोललो होतो.

पत्रोत्तर यावं, उपदेश नको.

तुझा,
क्लेम

* * *

हॅलम फॉल्स
२ जून १९९४

ती. आम्ब्रोजकाकांस,

जोलीनचा सा. न. वि. वि. हे पत्र मी बाबांना न सांगता लिहिते आहे.

बाबांनी बूट घेतलेत. खेळाचे, खिळेवाले. मी दुकानात त्यांच्यासोबत होते आणि दुकानदाराने नातवासाठी का म्हणून विचारलं, तर बाबा हो म्हणाले. रोज संध्याकाळी जेवणाआधी कोठाराच्या भिंतीवर चेंडू मारतात आणि परत येणारा पकडतात. हे नवीन नाही. मी लहान होते तेव्हापासून ऐकतेय तो ठकठक आवाज, कधीकधी पन्नास, कधीकधी शंभर. आम्हाला वाटायचं, सगळ्यांचे बाबा असंच करतात. पण आता दोनशे-दोनशे होतात आणि आत येतात तेव्हा चेहरा पांढरा पडलेला असतो.

काका, मला या खेळातलं काही कळत नाही. घरात कधी त्याचं नाव निघालं नाही. मी दहा वर्षांची असताना मुलींच्या संघात जायचं म्हणून हट्ट केला होता. बाबांनी शांतपणे सांगितलं की आपल्या घराण्याचे हात चांगले नाहीत, तू पोहायला जा. मी पोहायला गेले.

तर मला हे सांगा. नो-हिटर म्हणजे काय ते मी विचारून घेतलं, की चेंडू टाकणाऱ्या पिचरने नऊच्या नऊ डाव समोरच्या कुणालाही एकसुद्धा हिट मिळू द्यायचा नाही. पण बाबांकडून चेंडू सुटून समोरचा बेसवर पोचला, तरी रूडी हास्कचा विक्रम टिकला कसा? आणि तो चेंडू बाबांना खरंच अडवता आला असता का? बाबांना विचारलं तर म्हणतात, कुणालाही आला असता.

आपली,
जोलीन

* * *

बेलमार्क
९ जून १९९४

चि. जोलीन हिस,

अ. आ. तुझं पत्र चार वेळा वाचलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बॅटरने मारलेला चेंडू आपल्या माणसाला अडवण्यासारखा नसेल, तर तो हिट. अडवण्यासारखा असून सुटला, तर ती आपल्या माणसाची चूक, म्हणजे एरर. हिट झाला की नो-हिटर मोडतो. एरर झाली तर मोडत नाही, फक्त ज्याच्याकडून सुटला त्याच्या नावापुढे ती लागते. म्हणजे त्या दिवशी रूडीचा विक्रम टिकला तो तुझ्या बाबांच्या नावापुढे एरर लागली म्हणून.

आता ते हिट की एरर, हे ठरवतो कोण? अंपायर नाही. त्या काळी गावातल्या वर्तमानपत्राचा एक माणूस वर खोलीत बसायचा, पुढ्यात वही, पेन्सिल आणि दोन बटणं. हिरवं हिटचं, लाल एररचं. तो म्हणेल ते खरं. चुकला तर चोवीस तासांच्या आत बदलू शकतो, नंतर देव आला तरी बदलत नाही. बेलमार्कमध्ये तो माणूस बावीस वर्षं मी होतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी तुझ्या बाबांनाच देतो. ते आधी त्यांना मिळायला हवं होतं.

पोहणं चालू आहे का?

तुझा,
आम्ब्रोजकाका

* * *

बेलमार्क
१० जून १९९४

क्लेम,

आज आशीर्वाद वगैरे लिहीत नाही. माझ्या आशीर्वादाची किंमत काय ते हे वाचून झाल्यावर तू ठरव.

तो हिट होता.

आठवा डाव, दोन बाद, त्यांचा तो डावखुरा लांबोडका बॅटवर आला. चेंडू तुझ्या अंगावर आला तोच एवढ्या जोरात की मला वर बॅटचा आवाज आला तोवर तो निम्म्यात पोचला होता. गवत संपून माती सुरू होते त्या कडेला आपटला, उसळला आणि तुझ्या खांद्याला लागून मागे गेला. तू एक पाऊलही उशिरा निघाला नव्हतास. निघायला वेळच नव्हता. तिथे जगातला कुठलाही माणूस उभा असता तरी तेच झालं असतं. मी वहीत पेन्सिलीने हिट लिहिलं. लिहिलं होतं, क्लेम. बोट हिरव्या बटणावर होतं.

मग मी मान वर केली. सगळं स्टँड वळून आमच्या खिडकीकडे बघत होतं. चार हजार माणसं, आणि प्रत्येकाला माहीत की वर बसलेला आम्ब्रोज थीलेन आणि खाली उभा असलेला क्लेम थीलेन भाऊ आहेत. माझा संपादक शेजारीच होता. तो फक्त खोकला. माझ्या डोक्यात एकच आलं, आता हिट दिला तर लोक म्हणतील, भावाची अब्रू वाचवायला रूडीचा विक्रम मोडला. त्या जागी दुसरा कुणी उभा असता, तर मी डोळे मिटून हिट दिला असता. तू होतास म्हणून दिला नाही. मी लाल बटण दाबलं, खोडरबरने पुसलं, आणि लोक टोप्या उडवायला लागले.

मी स्वतःला सांगितलं की मी निःपक्षपाती आहे. लोकांनीही सांगितलं. त्या आठवड्यात तीन जणांनी रस्त्यात थांबवून हात मिळवला, भावालाही सोडलं नाही म्हणून. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे लिहिताना मला माझीच शिसारी येते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बदलता आलं असतं. मी ऑफिसात गेलो, कागद काढला, घडी घालून परत ठेवला. वरच्या संघासाठी खेळाडू निवडणारा माणूस त्या रविवारी तुलाच बघायला आला होता, हे मला माहीत होतं. तो सोमवारी सकाळच्या गाडीने गेला. हंगाम संपल्यावर क्लबने तुला काढल्याचं दोन ओळींचं पत्र दिलं.

ती वही माझ्याकडे आहे. पुसलेल्या जागी कागद अजून खरखरीत लागतो.

मी फक्त एवढंच म्हणतो, तिथे येऊन त्या लोकांसमोर स्वतःचा तमाशा करून घेऊ नकोस. ती चूक तुझी नव्हतीच.

आम्ब्रोज

* * *

हॅलम फॉल्स
२० जून १९९४

ती. काकांस,

स. न. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. बाबांनी ते पायरीवर बसून वाचलं, घडी घातली, उठून बस धुतली. शाळेला सुट्टी आहे, बस स्वच्छच होती. मग माझ्या हातात पत्र दिलं आणि वाच म्हणाले. त्यानंतर पाच दिवस झाले, भिंतीचा आवाज नाही.

मी वाचलं. आई म्हणायची, मोठ्यांना लिहिताना शब्द जपून वापरावा. तो प्रयत्न करून पाहिला, जमत नाही. काका, मला खेळायचं होतं. दहाव्या वर्षी मला समजावण्यात आलं की माझे हात वाईट आहेत, आणि मी ते खरं मानलं. अजूनही कुणी काही फेकलं की मी बाजूला होते, झेलत नाही. किल्ल्यासुद्धा. नवरा माझी थट्टा करतो. हे सगळं कुठून आलं, तर तुम्हाला लोक काय म्हणतील ही भीती वाटली म्हणून.

तुमच्या पत्राचा मला वीट आला तो शेवटच्या ओळींमुळे. बाबांनी येऊ नये म्हणून तुम्ही हे सांगितलंत. येणार नसते, तर सांगितलं असतं का?

बाबा सोहळ्याला येतील की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत होत नाही.

जोलीन

* * *

हॅलम फॉल्स
३ जुलै १९९४

दादा,

नमस्कार. तो करायची सवय आहे म्हणून.

तू लिहिलंस की चूक माझी नव्हती. तुला वाटलं हे वाचून मला हलकं वाटेल. नाही वाटलं.

वरच्या संघाचं सोडून दे. तिथे मी टिकलो असतो की नसतो, कुणी सांगावं, माझी बॅट तशी बोथटच होती. पण मी अडतीस वर्षं माझ्या डाव्या पायाला शिव्या दिल्यात. रोज. बसच्या क्लचवर तो पाय ठेवतानाही. मी त्या चेंडूकडे मनात हजारदा गेलो आणि प्रत्येक वेळी एक पाऊल लवकर निघालो, आणि प्रत्येक वेळी पकडला. मला खात्री होती की पकडता येतो. त्या खात्रीवर मी भिंतीसमोर उभा राहिलोय. आता तू म्हणतोस की तो पकडता येण्यासारखा नव्हताच. मग मी इतकी वर्षं तिथे काय करत होतो? आणि पोरीला खेळू दिलं नाही, ते कशासाठी? ते तर मी माझ्या तोंडाने सांगितलं तिला. त्याचा दिवा तू लावला नव्हतास.

तू मला तेव्हाच सांगितलं असतंस, त्याच संध्याकाळी, आईच्या स्वयंपाकघरात, तर मी तुला एक ठेवून दिली असती आणि दुसऱ्या दिवशी आपण मासे धरायला गेलो असतो. तू त्या संध्याकाळी माझ्या ताटात बटाटे वाढलेस. दोनदा. मला वाटलं, दादा किती मोठ्या मनाचा, चिडला नाही.

पत्रातली माफी कागदावरच राहते. ती फक्त तू आणि मी वाचतो. एरर चार हजार लोकांसमोर दिली होतीस.

मी येणार आहे. बूट घेतलेत, ते फुकट घालवायचे नाहीत. मी माझ्या जागी उभा राहीन. तुझ्यासमोर दोन बटणं असतील, तुझं तू बघ.

पत्र पाठवू नकोस. आता जे काय ते तिथेच.

क्लेम

* * *

बेलमार्क
२३ ऑगस्ट १९९४

चि. क्लेम यास,

पत्र पाठवू नकोस म्हणाला होतास, पण तू शनिवारी न भेटता गेलास, म्हणून लिहिणं भाग आहे. आशीर्वाद लिहू की नको या विचारात एक कागद फाडला. लिहितोच. अ. आ.

मी वरून काय पाहिलं ते सांगतो, कारण तुला खालून सगळं दिसलं नसेल. आधी ते किळसवाणे पंजे. दोन हजार माणसं भोकं पडलेले पिवळे हात हलवताहेत, त्यांतली निम्मी १९५६ नंतर जन्मलेली. मग बगळ्याच्या वेषातला तो माणूस फर्स्ट बेसवर नाचत होता. निवेदक तुझं नाव घेऊन म्हणाला की आता पाहू या, आजोबांना आज तरी जमतं का. मला माइक ओढून त्याच्या घशात घालावासा वाटला.

कार्यक्रमानुसार चेंडू हळू घरंगळत यायचा होता. पण ज्याने तो मारला तो आपल्या आताच्या संघाचा शॉर्टस्टॉप, पंचवीस वर्षांचा, त्याच्या हाताला हळू मारणं माहीत नाही. चेंडू उसळला. तू खाली वाकलास, पकडलास, आणि खांद्यावरून असा फेकलास की तो पोटात लागून बगळा आडवा झाला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना कळेना की हसायचं कुठे. निवेदक म्हणाला, अहो आजोबा, सोडायचा होता. मग लोक हसले.

तरी त्या मूर्खांनी कार्यक्रम पुढे रेटला आणि निवेदकाने माझं नाव पुकारलं. क्लेम, माझ्यासमोर दोन बटणं होती. खोली नवी, काच नवी, बटणं जुनीच आणून बसवलीत हौसेने. शेजारी मालक उभा होता. तो खोकला नाही, तो च्युइंगम खात होता. खाली सगळे वळून खिडकीकडे बघत होते, अगदी तसेच. मी हिरवं दाबलं.

पुढचं तुला माहीत आहे. पकडलेल्या चेंडूला कुणी हिट देतं का? निवेदक म्हणाला की आमचे स्कोअररही आता म्हातारे झाले, बोट चुकलं बिचाऱ्यांचं. हशा. मी माइक मागितला, मालकाने माझा दंड धरून मला खुर्चीत बसवलं आणि कुणीतरी पाणी आणलं. मी ओरडून सांगितलं की बोट चुकलेलं नाही, ते अडतीस वर्षांपूर्वी चुकलं होतं. खोलीतल्या चार जणांनी माना डोलावल्या, जशा म्हाताऱ्यांसमोर डोलावतात. तोवर धावफलकावर बसलेल्या माणसाने दिवा बदलून लाल केला होता. हिरवा किती वेळ राहिला ते मला ठाऊक नाही. चार सेकंद, पाच. जन्मभराची घाण धुवायला गेलो आणि लोकांना एक विनोद देऊन आलो.

रूडी मात्र हसला नाही. पिचरच्या उंचवट्याशी त्याला खुर्ची दिली होती. हिरवा लागला तेव्हा त्याने टोपी काढली, आणि लाल झाला तरी घातली नाही. नंतर पायऱ्यांशी मला गाठलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, काठी टेकत आला. म्हणाला, चेंडू बॅटला लागला तेव्हाच मला कळलं होतं तो हिट आहे. मला वाटलं तू दुसऱ्या दिवशी बदलशील. मी दिवसभर घरी फोनपाशी बसून होतो. बदलला असतास तर वाईट वाटलं असतं, पण आठवडाभर. तू बदलला नाहीस आणि मीही बोललो नाही, मग मी त्याला हॅम पाठवायला लागलो. काय लिहावं ते कधी सुचलं नाही.

म्हणजे खालीवर मिळून दोघांना माहीत होतं आणि दोघं दोन टोकांना गप्प बसलो.  त्याला बोल लावायला माझ्याकडे तोंड कुठलं.

मी सोमवारी क्लबमध्ये जाऊन ती वही दाखवली. त्यांनी ती पाच मिनिटं चाळली, छान आहे म्हणाले, आणि काचेच्या कपाटात ठेवायला मागितली, नो-हिटरच्या पानावर उघडून. मी घेऊन परत आलो. ते पान फाडून सोबत पाठवतो आहे. विक्रमाच्या पुस्तकात काही बदलत नाही, ते मी तुला खोटं सांगणार नाही. पुसलेल्या जागेवर बोट फिरवून बघ, एवढंच.

लोभ मागायचा हक्क मला नाही. उत्तर आलं नाही तर समजेन.

आम्ब्रोज

* * *

हॅलम फॉल्स
२८ डिसेंबर १९९४

ती. दादास,

सा. न. वि. वि. चार महिने लागले, त्याबद्दल तू काही म्हणणार नाहीस असं धरून चालतो.

पान मिळालं. जोलीनने ते खिडकीशी धरून पाहिलं. पुसलेलं दिसतं. हिरवा दिवाही मला दिसला होता. तू चार की पाच म्हणतोस, ते सहा होते. मी मोजत होतो. आता वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत बसू नकोस, वकील बघू नकोस. ज्याला दिसायला हवा होता त्याला दिसला. राग गेलेला नाही. तो आहे, पण आता तो पायात नाही, तुझ्यावर आहे. जागा बदलली तरी बरं वाटतं.

मी आणि जोलीन न भेटता निघालो ते रागाने नाही. मी तुला समोर पाहिलं असतं तर आईच्या स्वयंपाकघरातली ती राहिलेली एक ठेवून दिली असती, आणि तू आधीच खुर्चीत बसलेला होतास.

जोलीन संध्याकाळी येते. थंडीत, बोटं गोठतात तरी. मी भिंतीवर मारतो आणि ती पकडते. पहिले दोन आठवडे डोळे मिटून घ्यायची. आता शंभरातले साठ घेते. तिचे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही हे एकदा आधी उलटं सांगितलं होतं, आता पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. ती रोज सांगायला लावते.

नाताळात रूडीचा हॅम आला. यंदाही चिठ्ठी नाही. कुत्रा दारात येऊन बसला, त्याला वाटलं नेहमीसारखं. मी कापड काढलं, सुरी घेतली, एक चांगला जाड काप कापला आणि टेबलाशी बसून खाल्ला. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

दादा, भयंकर खारट आहे. तोंडात धरवत नाही. पाणी पिऊन पिऊन जीव गेला. रूडीला कुणी कधी सांगितलं नसणार. आमच्या एकाही कुत्र्याने इतक्या वर्षांत तक्रार केली नाही, ती जनावरं देवमाणसंच म्हणायची.

अर्धा तुला पाठवतोय, वेगळ्या पुडक्यात. उकडून पाणी टाकून द्यायचं नाही, बटाट्यांत घालून चव मारायची नाही. आहे तसाच खायचा, सगळा. वसंतात मासे धरायला येशील तेव्हा मी विचारणार आहे.

तुझा,
क्लेम